सीझेड ७५ची भावकी: क्लोन पिस्तूल ओळखावं कसं, सुटे भाग जुळवावेत कसे

अमेरिकेतल्या बऱ्यापैकी मोठ्या गन शॉपमध्ये सेकंडहँड मालाच्या काचेखाली एखादं तरी पिस्तूल असं असतं, की त्याच्या चिठ्ठीवर मॉडेलचं नावच नसतं. नुसतं 'सीझेड क्लोन' एवढंच, म्हणजे सीझेड ७५ या चेक पिस्तुलाची दुसऱ्या कंपनीनं केलेली नक्कल. किंमत परवडणारी, मूठ हातात छान बसणारी. काउंटरवरचा माणूस सहज सांगून टाकतो, ''सीझेडची मॅगझिन चालतात हो याला.'' मॅगझिन म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी. नवख्याचे पैसे बुडतात ते या वाक्यावर. पिस्तूल वाईट नसतं. पण ते कुठल्या घरचं, कुठल्या काळातलं हे न बघता मागवलेली मॅगझिन, स्प्रिंगा आणि पिनांनी कपाटाचा एक खण भरून जातो.

हा लेख अशा पिस्तुलांची ओळख पटवण्यासाठी आहे. दोन सरळ गोष्टी सांगायच्या आहेत. भाग मागवण्याआधी पिस्तुलाचं गाव आणि पिढी ठरवा. आणि भाग जागेवर बसला म्हणजे तो काम करतोच, असं धरून चालू नका.

सुरुवातीलाच कायद्याचं

अमेरिकेत एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर तिथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणं, असे मोजके अपवाद सोडले तर. मित्राच्या नावावर घेतो आणि मी वापरतो, हा विचार तर डोक्यातही आणू नका. ग्रीन कार्ड मिळालं की व्हिसाची ही आडकाठी राहत नाही, पण मग राज्याचे नियम येतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात १० पेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन चालत नाही. त्यामुळे एडिसन किंवा फ्रीमाँटला राहणाऱ्यानं 'मूळ १५ किंवा १६ काडतुसांचं' मॅगझिन शोधत बसण्यात अर्थ नाही. त्याच पिस्तुलाचं १० काडतुसांचं मॅगझिन शोधायचं.

अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीनं 'पिस्तूल' म्हणजे नंबर कोरलेली फ्रेम, म्हणजे मूठ आणि चाप असलेला खालचा सांगाडा. बाकीचे बहुतेक भाग टपालानं घरी येतात. जर्मनीत किंवा युरोपीय संघात इतरत्र राहत असाल तर हे गणित बदलतं. तिथे फ्रेमबरोबर स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) आणि बॅरल (नळी) हेही आवश्यक घटक धरले जातात, आणि त्यांना परवाना लागतो. अमेरिकी वेबसाइटवर वाचलेला सल्ला तिथे जसाच्या तसा लावू नका.

या पिस्तुलाच्या इतक्या नकला का झाल्या

सीझेड ७५ हे चेकोस्लोवाकियातल्या उहेर्स्की ब्रोद इथल्या चेस्का झ्ब्रोयोव्का कारखान्याचं पिस्तूल. ते मुख्यतः फ्रांतिशेक कौत्स्की यांचं काम. त्यांचे बंधू योसेफ हेही नावाजलेले शस्त्ररचनाकार होते. नाटो देशांचं ९ बाय १९ मिमी काडतूस, दोन रांगांचं १५ काडतुसांचं मॅगझिन, पहिल्या गोळीला चापाची ओढ लांब आणि नंतर आखूड, शिवाय घोडा चढवून सेफ्टी लावण्याची सोय. १९७०च्या दशकात हे सगळं एका पिस्तुलात क्वचितच मिळायचं.

गंमत पुढे आहे. त्या कम्युनिस्ट राजवटीत या रचनेची पेटंटं गुप्त ठेवली गेली. गुप्त पेटंट बाहेरच्या देशात नोंदवता येत नाही, त्यामुळे परदेशात या रचनेला संरक्षणच उरलं नाही. त्यातच शीतयुद्धामुळे अमेरिकेत हे पिस्तूल सरळ मार्गानं जवळजवळ येतच नव्हतं. मागणी खूप, माल नाही आणि कायद्याची भीती नाही, म्हटल्यावर इटलीतल्या तानफोलियोनं संधी साधली. मग स्वित्झर्लंड, इस्राएल, तुर्कस्तान, चीन आणि उत्तर कोरियापर्यंत या पिस्तुलाची भावकी पसरली. भावकीत नाक-डोळे सारखे असले तरी प्रत्येकाचा सातबारा वेगळा असतो. इथेही तसंच आहे. प्रत्येकानं आपापल्या यंत्रांवर, आपापल्या मापांनी आणि आपापल्या सुधारणांसह पिस्तूल बनवलं. कोणाकडेही चेक कारखान्याची मूळ रेखाचित्रं धरून काम करण्याची सक्ती नव्हती.

पहिली पायरी: रिकामं करणं

दुकानात असाल तर आधी विचारा. घरी असाल तर काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढा. हा क्रम उलटा झाला तर नळीतलं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझिनमधलं पुढचं आत जातं. स्लाइड मागे अडकवून नळीच्या मागच्या तोंडाशी, काडतूस बसतं तिथे, डोळ्यांनी बघा आणि करंगळीनंही चाचपा.

मॅगझिन खटका दाबल्यावर झपकन खाली पडलं नाही, तर पिस्तूल बिघडलंय असं समजू नका. जुन्या सीझेडच्या मुठीत एक चपटी स्प्रिंग असते, ती मॅगझिनला मुद्दाम धरून ठेवते. हाताने ओढून काढायचं, एवढंच.

उघडण्याची रीत जवळजवळ सगळ्या भावकीत एकच आहे. स्लाइडच्या मागच्या भागात आणि फ्रेमवर, डाव्या बाजूला, दोन बारीक रेघा असतात. स्लाइड किंचित मागे घेऊन त्या रेघा समोरासमोर आणा आणि उजव्या बाजूनं स्लाइड स्टॉपची (स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या खटक्याची) पिन डावीकडे ढकला. पिन निघाली की स्लाइड पुढे सरकून सुटते. यात चाप ओढावा लागत नाही. पिन अडली तर मॅगझिनच्या तळानं हलकेच ठोका. हातोडी घेऊ नका.

दुसरी पायरी: कोरलेलं वाचणं

मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून स्लाइडच्या दोन्ही बाजू, फ्रेमचा पुढचा खालचा भाग, चापाचं कडं आणि नळीवरची अक्षरं यांचे फोटो काढा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही उठून दिसतात.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या पिस्तुलांसाठी सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे आयातदाराचं नाव. १९६८च्या गन कंट्रोल अॅक्टनंतर आयात झालेल्या शस्त्रावर आयातदाराचं नाव, गाव आणि कुठल्या देशातला माल हे कोरणं बंधनकारक आहे. एफआयई, एक्सकॅम किंवा ईएए ही फ्लोरिडातली नावं दिसली की पिस्तूल बहुधा इटलीतलं तानफोलियो आहे. (ईएएनं तुर्कस्तानातल्या सारसिलमाझचीही पिस्तुलं आणली आहेत, म्हणून देशाचं नाव वाचायचंच.) 'मॅग्नम रिसर्च' आणि 'बेबी ईगल' असेल तर ते इस्राएलचं जेरिको. 'ट्रायस्टार' असेल तर तुर्कस्तानातलं कानिक. 'स्प्रिंगफील्ड पी९' असेल तर वरचं नाव अमेरिकी असलं तरी आतलं रक्त तानफोलियोचं. एफआयई आणि एक्सकॅम केव्हाच बंद पडल्या, त्यामुळे त्यांच्या नावानं भाग शोधू नका. तानफोलियोच्या नावानं शोधा.

दुसरा पुरावा चाचणीच्या शिक्क्यांचा. चेक पिस्तुलावर सिंहाच्या शिक्क्याजवळ सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. इटलीत गार्दोने व्हाल त्रोंपियाच्या सरकारी चाचणी केंद्राचा शिक्का असतो आणि जवळच छोट्या चौकटीत दोन अक्षरं. ती अक्षरं म्हणजे साल. एए म्हणजे १९७५. मग काही अक्षरं गाळत क्रम पुढे सरकतो: एझेड म्हणजे १९९०, बीए म्हणजे १९९१. विकणारा 'नव्वदीतलं आहे' म्हणाला आणि चौकटीत एएस दिसलं, तर ते १९८७चं आहे. ही चार-पाच वर्षं क्षुल्लक नाहीत. तेवढ्यात सेफ्टीची जागा बदललेली असू शकते.

नळीवरचं कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, स्वतंत्रपणे वाचा, स्लाइडवरच्या अक्षरांवर विसंबू नका. इटलीत अगदी अलीकडेपर्यंत ९ बाय १९ हे लष्करी काडतूस म्हणून नागरिकांना मिळत नव्हतं. त्यामुळे तिथल्या बाजारासाठी पिस्तुलं ९ बाय २१मध्ये बनत. युरोपात सेकंडहँड घेताना हे हमखास समोर येतं. नळीवर जे कोरलंय तेच काडतूस वापरायचं. जवळपासचं चालेल, असला व्यवहार इथे नको.

नळी, स्लाइड आणि फ्रेम तिन्हींवर नंबर असतील तर ते जुळतात का बघा. जुळत नसतील तर पिस्तूल आधीच कोणीतरी जुळवाजुळव केलेलं आहे. मग प्रत्येक भागाची ओळख वेगळी करावी लागते.

तिसरी पायरी: अंगकाठी बघणं

अक्षरं पुसली गेली असतील, वर नवा रंग चढवला असेल, तर रचनेकडे वळायचं.

या भावकीची पहिली खूण म्हणजे स्लाइड फ्रेमच्या *आत* धावते. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड फ्रेमला बाहेरून कवेत घेते. इथे फ्रेमच्या भिंती बाहेर असतात आणि स्लाइडच्या पट्ट्या आत. म्हणूनच पकडायला स्लाइडचा भाग कमी उरतो आणि घामेजलेल्या हातानं ती ओढताना त्रास होतो. स्लाइड बाहेरून बसत असेल तर ते या घरचं नाही. हा लेख त्याला लागू नाही.

मग सेफ्टी कुठे आहे ते बघा. मूळ सीझेड ७५ची सेफ्टी फ्रेमवर, डाव्या बाजूला, अंगठ्याशी, आणि ती घोडा चढलेला असतानाच लागते. तानफोलियोच्या सुरुवातीच्या टीझेड-७५मध्ये मात्र ती स्लाइडवर, बेरेटासारखी. पुढे टीझेड-७५ 'सीरीज ८८'मध्ये ती फ्रेमवर उतरली. जेरिकोतही हेच झालं. पहिल्या ९४१ची सेफ्टी स्लाइडवर आणि ९४१ एफची फ्रेमवर. स्लाइडवर सेफ्टी असलेल्या पिस्तुलाची स्लाइड, फायरिंग पिन (काडतुसाच्या तळावर आपटणारी सुई) आणि मागची सगळी यंत्रणा त्या पिढीपुरतीच. ती दुसऱ्या पिढीत लागत नाही. माझं स्पष्ट मत असं, की नवख्यानं स्लाइडवर सेफ्टी असलेलं टीझेड-७५ घेऊ नये. चालतं छान, पण एक छोटी पिन तुटली तरी शोधाशोधीत महिने जातात.

चेक पिस्तुलांत काही मॉडेलना सेफ्टीऐवजी घोडा सुरक्षितपणे खाली उतरवणारा खटका (डीकॉकर) असतो. पी-०१ हे त्यातलं ठळक उदाहरण. अल्युमिनियमच्या मिश्रधातूची फ्रेम आणि पुढे दिवा लावायची पट्टी ही त्याची आणखी खूण. सेफ्टीच्या आणि डीकॉकरच्या पिस्तुलांतले आतले भाग वेगळे असतात. नुसता खटका बदलून एकाचं दुसरं होत नाही.

तिसरी गोष्ट फायरिंग पिन ब्लॉकची. स्लाइड काढल्यावर ती उलटी करा. मागच्या बाजूला स्प्रिंगवर दबणारी छोटी गोल दांडी दिसली तर ब्लॉक आहे. पिस्तूल हातातून पडलं तरी पिन पुढे जाऊ नये म्हणून तो असतो. १९९०च्या दशकात सीझेडनं तो घातला आणि नावापुढे 'बी' आला. त्याआधीच्यांना जाणकार 'प्री-बी' म्हणतात. ब्लॉक असलेल्या फ्रेममध्ये, चाप ओढताना ती दांडी वर उचलणारा एक बारीक पत्रा असतो. प्री-बी फ्रेमवर बी स्लाइड चढवली तर ती दांडी उचलायला कोणीच नाही. पिन अडून राहते आणि पिस्तूल झडत नाही. उलट जोडणीत ब्लॉकच नसतो, आणि ती आणखी वाईट. शॅडोसारख्या स्पर्धेच्या मॉडेलांत कंपनीनंच ब्लॉक ठेवलेला नाही. ते पिस्तूल त्याच हिशोबानं घडवलंय. म्हणून आपल्या पिस्तुलातला ब्लॉक काढायला जाऊ नका. चाप हलका होतो म्हणून कोणी सांगेल, त्याला नमस्कार करा.

मूळ चेक पिस्तूल फारच जुनं असेल, म्हणजे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातलं, तर पट्ट्यांची लांबी बघा. सुरुवातीच्या पिस्तुलांच्या फ्रेमवरच्या पट्ट्या आखूड होत्या, १९८०च्या सुमारास त्या लांब झाल्या. दोन्हींच्या स्लाइड एकमेकांत जात नाहीत. पण असं आखूड पट्ट्यांचं पिस्तूल सापडलं तर भाग बदलण्याचा विचारच सोडा. ते संग्राहकांचं धन आहे, जसं आहे तसं ठेवा.

चौथी पायरी: कोणाच्या घरचं

*तानफोलियो.* इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबू. तानफोलियोच्या स्टीलच्या पिस्तुलांच्या फ्रेम दोन मापांच्या आहेत, लहान आणि मोठी. १० मिमी आणि .४५ (इंच) या मोठ्या कॅलिबरसाठी मोठी लागते, हे उघड आहे. पण ९ मिमी दोन्ही मापांत मिळतं. स्पर्धेसाठीच्या स्टॉक-२सारख्या पिस्तुलात ९ मिमी असूनही फ्रेम मोठी असते. म्हणजे 'माझं ९ मिमी आहे' एवढ्यानं काही ठरत नाही. मॅगझिनही 'स्मॉल फ्रेम' आणि 'लार्ज फ्रेम' अशा दोन जातींत विकतात. मोठ्या फ्रेमचं मॅगझिन लहान मुठीत शिरतच नाही, आणि लहान फ्रेमचं मोठ्या मुठीत खुळखुळतं. विक्रेत्याकडून मॅगझिनच्या पेटीची रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये मागा आणि आपल्याकडच्या मॅगझिनला कॅलिपर लावा. पाच मिनिटांचं काम आहे. पॉलिमर फ्रेमचं विटनेस (ईएएनं तानफोलियोची पिस्तुलं विकली ते नाव) असेल तर त्याचा शोध आणखी वेगळा घ्यायचा.

*जेरिको.* इस्राएल मिलिटरी इंडस्ट्रीजनं १९९०मध्ये आणलेलं हे पिस्तूल तानफोलियोच्या घडाईच्या भागांवर उभं राहिलं. नावातले आकडे मजेशीर आहेत: ९ मिमीचा ९ आणि .४१ अॅक्शन एक्सप्रेसचा ४१. त्या .४१ काडतुसाची खुबी अशी, की त्याच्या तळाची कडा ९ मिमीएवढीच ठेवलेली. त्यामुळे तीच स्लाइड आणि तोच एक्स्ट्रॅक्टर (काडतूस नळीतून खेचून काढणारी आकडी) ठेवून फक्त नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन बदललं की कॅलिबर बदलायचं. .४० स्मिथ अँड वेसन आलं आणि .४१ मागे पडलं. आता जुन्या सेटमधली दुसरी नळी शोभेपुरती, कारण काडतुसं सापडत नाहीत. भागांच्या दृष्टीनं जेरिकोचं नातं चेक घरापेक्षा इटालियन घराशी जवळचं आहे. मॅगझिन शोधताना आधी त्या बाजूला बघा.

*कानिक.* तुर्कस्तानातल्या सामसुनचं. सी-१००, एस-१२०, एल-१२०, पी-१२० ही त्यांची सीझेड पद्धतीची पिस्तुलं, अमेरिकेत ट्रायस्टारच्या नावानं आलेली. मापांनी चेक पिस्तुलाच्या बरीच जवळ. सीझेड ७५ची चांगली मॅगझिन यांत चालल्याचा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. पण त्याच कानिकची टीपी९ मालिका वॉल्थर पी९९च्या वळणाची आहे. तिचा या भावकीशी संबंध नाही. दुकानात 'कानिकचं मॅगझिन' मागितलंत तर हमखास टीपी९चं हातात येईल.

*सारसिलमाझ.* हेही तुर्की. किलिंच २००० आणि पुढची के२, बी६ ही पिस्तुलं या घराण्यातली. स्टील आणि पॉलिमर दोन्ही. बी६ पॉलिमर फ्रेमचं असेल तर मुठीचे, चापाचे, पिनांचे भाग कंपनीचेच घ्यायचे.

स्विस आयटीएम एटी-८४, एटी-८८ आणि त्यांचं पुढचं रूप स्फिंक्स ही देखणी, महागडी पिस्तुलं. त्यांचे भाग हातघडाईचे, म्हणून मोडतोड टाळा. चीनचं नोरिंको एनझेड-७५ अमेरिकेत फारसं दिसत नाही. उत्तर कोरियाच्या पेक्तुसानची तर चिंताच नको.

आणि सीझेड स्वतः? उहेर्स्की ब्रोदचा शिक्का असला तरी पी-०७, पी-०९ आणि पी-१० यांची मॅगझिन ७५ची नव्हेत. सीझेड ९७ बी हे .४५चं वेगळंच धूड. ७५, ७५ बी, ८५ आणि एसपी-०१ एका पंगतीला. ७५ कॉम्पॅक्ट, पीसीआर आणि पी-०१ दुसऱ्या. लांब मॅगझिन आखूड मुठीत खाली डोकावत का होईना चालतं. आखूड मॅगझिन लांब मुठीत पोचतच नाही.

पाचवी पायरी: भागागणिक

मॅगझिनवर सगळ्यात जास्त पैसे जातात, म्हणून आधी तेच. मेक-गार ही गार्दोनेचीच कंपनी अनेक पिस्तूल कंपन्यांना मॅगझिन पुरवते. त्यामुळे पाकिटावर 'मेक-गार' असणं ही चांगली खूण आहे, पण ते *तुमच्या* पिस्तुलाचं आहे याची नाही. पाकिटावरचं मॉडेल वाचा. मॅगझिन आत गेल्यावर तीन गोष्टी तपासायच्या. खटक्याची खाच किती उंचीवर आहे: ती किंचित चुकली तर मॅगझिन खाली बसतं आणि स्लाइड काडतुसावरून घसरून जाते. मॅगझिनचे ओठ वर इजेक्टरला (रिकामं काडतूस बाहेर फेकणाऱ्या भागाला) घासतात का. आणि शेवटचं काडतूस संपल्यावर आतली पट्टी स्लाइड स्टॉपला वर ढकलते का. हे तिसरं जुळलं नाही तर पिस्तूल चालतं, पण रिकामं झालेलं कळत नाही.

मुठीच्या पट्ट्या, म्हणजे ग्रिप, दिसायला सगळ्या सारख्या. सीझेडच्या पूर्ण मापाच्या आणि कॉम्पॅक्टच्या वेगळ्या. तानफोलियोच्या तर स्क्रूपासून वेगळ्या. स्क्रू जुळला तरी आतली कड चापाच्या दांड्याला घासत नाही ना, हे चाप सावकाश ओढून बघा.

रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) आणि घोड्याची स्प्रिंग या बाबतीत भावकी बरीच उदार आहे. पण स्प्रिंगचा जोर पौंडांत असतो आणि तो कॅलिबरप्रमाणे बदलतो. .४०ची स्प्रिंग ९ मिमीत घातलीत तर स्लाइड पूर्ण मागे येणार नाही. नवी स्प्रिंग घालून स्लाइड हातानं टोकापर्यंत ओढा. वेटोळी आधीच एकमेकांवर चढून अडली तर ती स्प्रिंग लांब आहे.

स्लाइड स्टॉपकडे लोक नुसता खटका म्हणून बघतात. पण त्याची पिन नळीच्या खालच्या वक्र खाचेतून जाते आणि दर झाडणीला नळी खाली-वर करण्याचा भार तिच्यावर येतो. या भावकीत तुटणारा भाग म्हटला की हाच. जवळ एक जादा ठेवा, तोही त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा. दुसऱ्या घरची पिन भोकात सैल गेली तरी 'बसली' असंच वाटतं, आणि मग नळीची खाच झिजते.

एक्स्ट्रॅक्टर, फायरिंग पिन, तिला अडवणारी पिन किंवा पट्टी: इथे उदारपणा संपतो. कंपनी, मॉडेल आणि पिढी तिन्ही जुळल्याशिवाय मागवू नका. जाता जाता, ७५ बीमध्ये फायरिंग पिनला धरून ठेवणारी जी नळकांडी पिन असते, ती रिकामा चाप ओढून ओढून वाकते आणि शेवटी तुटते. घरी सराव करायचा तर नकली काडतूस, म्हणजे स्नॅप कॅप, घालून करा.

नळी आणि स्लाइड एका घरातून दुसऱ्या घरात नेऊच नका. नळीवरचे कंगोरे आणि स्लाइडमधल्या खाचा यांचा मेळ बसल्याशिवाय बंद होणं सुरक्षित राहत नाही. त्याच कंपनीची नवी नळीसुद्धा गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) बसवून घ्यावी. घोडा आणि सिअर (चढवलेला घोडा अडवून धरणारा भाग) यांच्या पकडीवर कानस चालवणं हाही घरचा उद्योग नाही. पकड थोडी जरी बिघडली तरी घोडा आपोआप सुटतो.

समोरची, नेम धरायची माशी बदलायची हौस असेल तर आधी ती कशी धरलीय ते बघा. काही मॉडेलांत ती वरून बसवून आडव्या पिननं अडकवलेली असते, काहींत आडव्या खाचेत सरकवलेली. 'सीझेडसाठी' एवढंच लिहिलेलं पाकीट घेऊन येऊ नका.

थोडं घासून बसवायची वेळ आलीच तर स्वस्त आणि बदलता येणारा भाग घासा. फ्रेमला कानस लावू नका.

सहावी पायरी: तपासणी

भाग बदलल्यावर पिस्तूल रिकामंच ठेवून आधी हे बघा. घोडा चढवून सेफ्टी लावली की चाप ओढूनही घोडा पडत नाही ना. सेफ्टी काढताना घोडा हलत नाही ना. चाप दाबून धरला, स्लाइड मागे ओढून सोडली, तरी घोडा चढलेलाच राहतो ना, आणि चाप सोडून पुन्हा ओढल्यावरच पडतो ना. यातलं एकही चुकलं तर पुढे जायचं नाही.

मग स्नॅप कॅपनी मॅगझिन भरा आणि स्लाइड हातानं चालवा. शेवटी रेंजवर पहिल्या वेळी मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं घाला. एका चापाला दोन आवाज झाले तर पिस्तूल तिथेच रिकामं करा आणि गनस्मिथकडे न्या. नवं मॅगझिन घेतलं असेल तर त्यावर मार्करनं खूण करा. अडलं तर कुठल्या मॅगझिननं अडलं हे लगेच कळतं.

भारतात जाणार असाल तर

भारतात ९ मिमी हा प्रोहिबिटेड बोर, म्हणजे मनाई असलेलं कॅलिबर आहे, म्हणून सामान्य परवान्यावर हे पिस्तूल मिळत नाही. तिथल्या हौशी वाचकाला क्लोनचं जवळचं उदाहरण हवं असेल तर ते सैन्याच्या आणि पोलिसांच्या कमरेला आहे. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं 'पिस्टल ऑटो ९ मिमी १ए' हे कॅनडातल्या इंग्लिस कंपनीच्या ब्राउनिंग हाय-पॉवरच्या वळणाचं आहे. स्लाइड बघा, फ्रेमच्या बाहेरून बसते, म्हणजे ते सीझेडच्या भावकीतलं नव्हे.

अमेरिकेहून मुंबईला निघताना रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला घेऊ नका. घ्यायचीच तर सगळे कप्पे उलटे करून झटका. १९५९च्या आर्म्स अॅक्टमध्ये 'शस्त्र' या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. भावाला दाखवायला म्हणून नेलेली स्लाइड किंवा नळी तुम्हाला अडकवू शकते. शिवाय अमेरिकेच्या बाजूनं निर्यातीचे नियम वेगळे. अस्तरात राहून गेलेलं एक काडतूस स्कॅनरवर दिसलं तरी गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं म्हणून असे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्द केल्याची उदाहरणं आहेत. पण तोवर विमान गेलेलं असतं, आणि पुढच्या सुट्ट्या वकिलाकडे खेटे घालण्यात जातात.